बावीसची हजेरी

मंगळवारची रात्र. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. छावणीच्या मागच्या फाटकासमोरच्या सलूनचं शटर आबांनी अर्धं खाली ओढलं, तेवढ्यात दोन भाऊ वाकून आत शिरले. उद्या सकाळी सहाला दोघांना समोरच्याच फाटकातून आत जायचं होतं, शिपाई व्हायला. डोकी मात्र आजच बारीक करून घ्यायची होती. आत फुकट करतात, पण फुकटचा वस्तरा कान बघत नाही, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं.

"बसा," आबा म्हणाले. "पण एकेक. खुर्ची एकच आहे आणि हातही दोनच."

थोरल्याचं आधी झालं. मग धाकटा खुर्चीत बसला. त्याच्या समोर आरसा होता आणि आरशात मागचा कोपरा दिसत होता. तिथं स्टुलावर आबांचा मदतनीस टॉवेलांच्या घड्या घालत बसला होता. चाळिशीही गाठली नसेल, पण केस पांढरेफटक. त्याला बोलता येत नव्हतं. फाटकाबाहेरचे सगळे त्याला नुसतं काका म्हणत.

 धावण्यात धाकटा कायम मागं पडायचा. भरतीच्या चाचणीत शेवटच्या चार सेकंदांत कसाबसा बसला होता. थोरल्याला ते माहीत होतं, म्हणून तो बाकावरून म्हणाला, "तू कशाला घाबरतोस रे? आत जोडी असते. तू मागं राहिलास तर तुझी हजेरी मी लावीन. अंधारात कोण बघतंय!"

आबांच्या हातातली मशीन थांबली. कोपऱ्यातल्या टॉवेलाची घडीही तिथंच थांबली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आबा म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "दहाला आत रात्रीची मोजणी होते. आवाज इथवर येतो. तोपर्यंत एक गोष्ट सांगतो, ऐका. माझ्या ओळखीतल्या पोराची आहे. खोटी वाटली तर पैसे देऊ नका."

मशीन पुन्हा सुरू झाली आणि आबा बोलू लागले.

अठरा वर्षं झाली. या छावणीत एक पोरगा आला. त्याचं नाव सोडा, आत सगळे त्याला भोंगा म्हणायचे. काय आवाज होता! मैदानाच्या एका टोकाला 'सावधान' म्हणाला की दुसऱ्या टोकाला स्वयंपाक्याच्या हातातला डाव ताठ उभा राहायचा. वर नकला करायचा. उस्तादाची नक्कल करायचा, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदाराची, की अख्खी बराक उशीत तोंड खुपसून हसायची. हे सगळं मी खुर्चीशी उभं राहून ऐकलेलं आहे, कारण तेव्हा दर पंधरवड्याला आत जाऊन मीच डोकी करायचो.

त्याच्या तुकडीत बेचाळीस पोरं. प्रत्येकाला नंबर. भोंगा एकवीस. आणि बावीस नंबर होता त्याचा जोडीदार. त्याला उस्तादानं नाव ठेवलं होतं सावकाश. सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. आळशी नव्हता हो. पण प्रत्येक गोष्ट निगुतीनं करायची सवय. बूट बांधायला घेतला तर गाठ मारून पुन्हा ओढून बघायचा. मोजणीत बाकीचे आकडा तोंडावर फेकायचे, हा म्हणायचा, "बाऽऽवीस." जिना उतरल्यासारखा. पोरं हसायची, तोही हसायचा.

आता आतला कायदा असा, की जोडीतला एक नापास तर दोघंही नापास. दोघांनीही पुढच्या तुकडीबरोबर पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करायची. भोंगा तसा एकदा मागं पडलेला होता. दुसऱ्यांदा पडला की सरळ घरी. आणि घरी थोरला भाऊ निघतानाच म्हणाला होता, "बघू किती दिवस टिकतोस. आवाजावर कुणी पगार देत नाही." ते वाक्य भोंग्याच्या छातीत काट्यासारखं होतं. म्हणून तो रोज सावकाशला ओढायचा. त्याची पाठपिशवी उचलायचा, पहाटे उठवायचा, शिव्याही घालायचा. प्रेम होतं म्हणा, गरज होती म्हणा. दोन्ही एकाच ताटात जेवत होती.

नवव्या आठवड्यात गुरुवारी रात्रीची चाल होती. पंधरा किलोमीटर, पाठीवर वीस किलो, अकराच्या आत फाटकावर. अमावस्या होती. उकाडा असा, की झाडाचं पान हलत नव्हतं. फाटकापासून किलोमीटरभर अलीकडं एक मोरी आहे, ओढ्यावरचा बुटका पूल. आजही आहे, उद्या बघाल. तिथं सावकाश कठड्याला टेकून खाली बसला.

"दोन मिनिटं," म्हणाला.

भोंग्यानं त्याचा हात धरला. हात तापलेला होता, आणि कोरडा. पंधरा किलोमीटरला एकच उरला असताना माणसाच्या अंगावर घामाचा थेंब नाही, याचा अर्थ भोंग्याला कळायला हवा होता. शिकवलं होतं त्यांना. पण त्यानं हाताऐवजी घड्याळ बघितलं. दहा अठ्ठेचाळीस.

"उठ ना रे."

"उठतो. तू हो पुढं. येतो मी मागून."

हाक मारली असती तर दमलेल्यांना उचलायला मागून येणारी गाडी आली असती. गाडीत बसला की नापास. एक नापास की दोघं नापास. भोंगा म्हणाला, "ये सावकाश. तुझी हजेरी मी लावतो." आणि निघाला.

फाटकाशी अंधारात रांग लागली. मोजणी सुरू. एकोणीस... वीस... "एकवीस!" भोंगा ओरडला. मग मान वळवली, हात तोंडाशी धरला आणि म्हणाला, "बाऽऽवीस." हुबेहूब. शेजारचा तेवीस नंबर दमून अर्धा मेला होता, त्यालाही कळलं नाही. बेचाळीस भरले. उस्तादानं सही केली. वेळ दहा अठ्ठावन्न.

न्हाणीघरामागं भिंतीला एक खिंडार होतं, पोरं तिथून ये-जा करायची. सावकाश तिथून येईल, असा भोंग्याचा हिशेब. त्यानं खिडकीची कडी काढून ठेवली. पलंगावर बसला, एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी हातात धरली... आणि डोळा लागला.

पहाटे पाचला शिट्टी झाली, तेव्हा दुसरा बूट पायातच होता. शेजारच्या पलंगावरची घोंगडी कालच्या घडीत होती.

पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला सावकाश दिसला. मोरीच्या कठड्याला टेकून बसलेला. पाठपिशवी पाठीवर. एक बूट काढून शेजारी नीट ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, अंगात उष्णता चढली. तासाभरात आणला असता तर वाचला असता.

पुढचं ऐका, इथं खरं विष आहे. चौकशी बसली. एक टेबल, तीन साहेब आणि एक कागद. कागद म्हणतो, रात्री दहा अठ्ठावन्नला बेचाळीस हजर. म्हणजे बावीस हजर. म्हणजे तो आत आला, आणि नंतर खिंडारातून बाहेर पडला. म्हणजे पळाला. लिहून टाकलं. 'पळून जात असताना मृत्यू.' भोंग्याला विचारलं, "तू त्याचा जोडीदार. तुला काय माहीत आहे?"

"मी झोपलो होतो, साहेब," भोंगा म्हणाला. वाक्य खरं होतं, हीच तर नीचपणाची कमाल.

चार दिवसांनी सावकाशचा बाप ट्रंक न्यायला आला. परवानगी येईपर्यंत तो याच बाकावर बसला होता, आत्ता तू बसलायस तिथं. नखांत वंगण, मांडीवर पिशवी. मी चहा दिला, त्यानं तो तसाच धरून ठेवला. मग भोंगा ट्रंक घेऊन बाहेर आला.

"तू त्याचा जोडीदार ना?" बाप म्हणाला. "फोनवर सांगायचा तो. म्हणायचा, बाबा, माझ्या वाटणीचं तोच ओरडतो. खरं सांग पोरा, पळाला का रे तो?"

भोंग्यानं ट्रंक खाली ठेवली.

"नाही, म्हटलं... शाळेतूनसुद्धा कधी पळाला नाही. पळायचं ठरवलं असतं तरी त्याचं आवरेपर्यंत उजाडलं असतं." आणि तो हसला हो. बाप हसला. मला अजून झोपेत ते हसणं ऐकू येतं.

"मला माहीत नाही, काका," भोंगा म्हणाला.

बापानं ट्रंक डोक्यावर घेतली आणि गेला.

त्यानंतर मोजणीत एकवीसनंतर थेट तेवीस यायचा. तुकडी संपेपर्यंत गेलेल्याचा नंबर रिकामा ठेवतात. एकवीस आणि तेवीसच्या मधे एक श्वास जाईल एवढी जागा राहायची. त्या जागेत भोंग्याला रोज कुणीतरी श्वास घेताना ऐकू यायचं. बोलायच्या आधी घेतात तसा. त्यानं कुणाला सांगितलं नाही. नकला बंद झाल्या, एवढंच बाकीच्यांना कळलं.

सतराव्या आठवड्यात बुधवारी त्याला मागच्या फाटकाचा पहारा लागला. बारा ते दोन. समोर दिसतंय तेच फाटक. पहारा बदलायची एक रीत असते, उद्यापासून तुमच्याही अंगात मुरवतील. बूट वाजले की आधी विचारायचं, 'थांब! कोण?' आलेल्यानं नंबर सांगायचा. ओळख पटली की उभा असलेला म्हणतो, 'अमुक नंबर, जागा सोडली.' आलेला म्हणतो, 'तमुक नंबर, जागा घेतली.' टॉर्च आणि शिट्टी हातात द्यायची आणि मग हलायचं. आधी विचारायचं, मग सोडायची. क्रम चुकवायचा नाही.

दिवा गेलेला होता. पावणेदोन वाजले. भोंग्याचे डोळे मिटत होते. दोनला तेवीस नंबर येणार होता.

बूट वाजले.

आला वाटतं लवकर, भोंग्याला बरं वाटलं. झोपेची घाई. त्यानं वळून न बघताच म्हटलं, "एकवीस, जागा सोडली."

विचारलं नाही. आधी सोडली.

बूट थांबले.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. बराक मागं होती. बूट समोरून वाजले होते. फाटकाच्या बाहेरून... मोरीकडून.

आणि दोन नव्हते. एकच बूट वाजत होता. दुसरा पाय अनवाणी. टक्... मग काहीच नाही. टक्... मग काहीच नाही.

फाटकाला कुलूप होतं. कुलूप वाजलं नाही. तरी ते आत आलं. शेजारी उभं राहिलं. खांद्याला खांदा.

उष्ण होतं. भट्टीचं दार उघडावं तसं. तोंड दिसत नव्हतं.

श्वास घेतला... तोच. रोजचा.

"बाऽऽवीस," म्हणालं. "जागा घेतली."

भोंग्यानं ओरडायला तोंड उघडलं. छावणीतला सगळ्यात मोठा आवाज. मैदान हलवणारा.

काही आलं नाही.

पुन्हा उघडलं.

हवा. नुसती हवा...

एक हात पुढं आला. कोरडा. त्यानं टॉर्च घेतली, शिट्टी घेतली. मग अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हणालं, "तू हो पुढं. तुझी हजेरी मी लावतो."

आबांनी मशीन बंद केली. धाकट्याचं अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं. कुणी त्याकडं बघितलं नाही.

"मग?" थोरल्यानं विचारलं. 

"मग पहाटे टँकरवाल्याला भोंगा दिसला," आबा म्हणाले. "मोरीच्या कठड्याला टेकून बसलेला. जिवंत होता. तोंड उघडं आणि आवाज गेलेला. नरड्याच्या डॉक्टरांनी आत दिवे घालून बघितलं. म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे."

"आणि फाटकावर कोण होतं?"

"तेवीस नंबरनं साक्ष दिली. म्हणाला, मी बरोबर दोनला गेलो. अंधारात पहारेकरी उभा होता. मी नंबर सांगितला. तो ओरडला, 'एकवीस, जागा सोडली!' भोंग्याचाच आवाज. असा ओरडला की गावातली कुत्री उठली. टॉर्च दिली, ती हातात धरवत नव्हती इतकी तापलेली. आणि तो बराकीकडं न जाता फाटकाकडं गेला." आबांनी ब्रश झटकला. "झालं. पुन्हा एक टेबल, तीन साहेब, एक कागद. कागद म्हणतो, दोनपर्यंत हजर होता. म्हणजे दोननंतर पळाला. लिहून टाकलं. नाव काढून टाकलं."

"पण त्यानं सांगायचं ना खरं!"

"कशानं सांगणार? बोलता येईना. लिहिलं त्यानं. चार पानं. मोरीपासून सगळं, माझ्या या टेबलावर बसून लिहिलं. म्हणून तर मला ठाऊक. ती पानं उस्तादाला नेऊन दिली. उस्तादानं वाचली आणि परत केली. म्हणाला, 'दोन आकडे एकाच जागेवरून आले, हे मला त्या रात्रीच कळलं होतं. पण बेचाळीस भरत होते. सगळ्यांना झोपायचं होतं. मलाही.'"

आबांनी मशीनमध्ये अडकलेले केस फुंकून काढले.

"मग मी ती पानं घेऊन साहेबाकडं जायला हवं होतं," आबा म्हणाले. "नाही गेलो. माझं सगळं गिऱ्हाईक छावणीच्या या भिंतीआडून येतं. भिंतीशी कोण भांडतो? तेव्हा मलाही मोजा त्यात. भोंगा मात्र सायकलवाल्याच्या दुकानी गेला. बापानं चारही पानं वाचली. दोनदा वाचली. मग विचारलं, 'कागद बदलला का?' यानं मान हलवली, नाही. बापानं त्याला पाणी दिलं, आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

"आणि भोंगा? घरी गेला?"

"कुठल्या तोंडानं जाणार? भावाचं वाक्य खरं झालं होतं ना. इथं आला. म्हटलं, राहा."

धाकट्यानं आरशात बघितलं. कोपऱ्यातले काका स्टुलावर नव्हते. ते उभे होते. टाचा जुळलेल्या, हात बाजूला, छाती पुढं. मांडीवरचा टॉवेल खाली पडला होता.

घड्याळात दहा वाजले.

"ऐका," आबा म्हणाले. "तेव्हापासून बावीस नंबर ते कुणालाच देत नाहीत. आत्ता आत एक्केचाळीस पोरं आहेत. पंधरा दिवसांपूर्वी मीच डोकी केली आहेत त्यांची."

भिंतीपलीकडं शिट्टी वाजली. मग आकडे येऊ लागले. कोवळे, दमलेले, घाईचे आवाज. सतरा... अठरा... एकोणीस... वीस...

"एकवीस!" कुणीतरी चिरक्या आवाजात ओरडलं.

मग एक श्वास जाईल एवढी जागा.

आरशात काकांचे ओठ हलले. सावकाश हलले, जिना उतरल्यासारखे. त्यांच्या नरड्यातून कसलाही आवाज निघाला नाही.

आवाज भिंतीपलीकडून आला. "बाऽऽवीस." खणखणीत, आरसा थरथरेल इतका मोठा, आणि वीस वर्षांच्या पोराचा.

"तेवीस!" "चोवीस!" मोजणी पुढं गेली.

काका खाली वाकले, टॉवेल उचलला, झटकला आणि पुन्हा घडी घालू लागले. थोरला बाकावर कोपऱ्याकडं पाठ करून बसला होता, त्यानं विचारलं, "आबा, बावीस देत नाहीत म्हणालात ना?"

 धाकट्याच्या राहिलेल्या अर्ध्या डोक्यावर आबांनी मशीन टेकवली. काच कोरडी असायला हवी होती, पण आरशावर आतून यावी तशी वाफ धरली होती, आणि खोलीत कुणी भट्टीचं दार उघडं ठेवल्यासारखा उकाडा होता.